ॲलन ह्यूम आणि रामपूरचा पाहुणा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव एका वाक्यात येते आणि त्याच वाक्यात संपते. इ. स. १८८५ मध्ये मुंबईस राष्ट्रसभा स्थापन झाली व तिच्या उभारणीत या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचा पुढाकार होता, एवढे ध्यानात ठेवले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु याच गृहस्थाने आयुष्यातील उमेदीची पंचवीस-तीस वर्षे एका निराळ्याच व्यासंगात घालविली होती, आणि त्या व्यासंगातील एक लहानसा धागा त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी जुळला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो धागा म्हणजे हिमालयाच्या एका दरीत सापडलेला, दहा-एक ग्रॅम वजनाचा, मातकट रंगाचा पक्षी होय.

ह्यूम यांचा जन्म १८२९ मधला. वडील जोसेफ ह्यूम हे मूळचे स्कॉटलंडचे. तरुणपणी ते कंपनी सरकारचे शस्त्रवैद्य म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले होते. पुढे विलायतेच्या पार्लमेंटात सरकारी खर्चाच्या पै-पैचा हिशोब मागणारे सभासद म्हणून त्यांचा दरारा होता. मुलाने पित्याकडून दोन गोष्टी घेतल्या असे दिसते: हिशोबाचा काटेकोरपणा आणि अधिकाऱ्यांना न आवडणारे तोंडावर बोलण्याची खोड. हेलिबरी येथे कंपनीच्या पाठशाळेत व नंतर लंडनला वैद्यकाचे काही शिक्षण घेऊन वयाच्या विसाव्या वर्षी, १८४९ मध्ये, ते बंगालच्या सनदी नोकरीत दाखल झाले. लौकरच त्यांची नेमणूक गंगा-यमुनेच्या दुआबातील इटावा जिल्ह्यात झाली.

इटाव्याचे ह्यूम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेथे त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा लावला. १८५७ पर्यंत त्या एका जिल्ह्यात १८१ शाळा व पाच हजारांवर विद्यार्थी झाले होते. त्या पाच हजारांत मुली मात्र अवघ्या दोन होत्या! त्याच वर्षी उठाव झाला. इटाव्याच्या शिपायांनी शस्त्रे उचलली व ह्यूम यांना आग्र्यास जावे लागले. परत आल्यावर त्यांनी सूडाचे सत्र आरंभिले नाही. उठावाचे खापर त्यांनी बव्हंशी आपल्याच सरकारच्या कारभारावर फोडले. त्यांच्या हुकुमाने सात जण फासावर गेले. त्या काळच्या इतर जिल्ह्यांशी तुलना करता हा आकडा फारच लहान ठरतो, पण ज्यांच्या घरचे ते सात होते त्यांना तो लहान वाटला नसेल हेही विसरता कामा नये.

या धामधुमीत ह्यूम यांनी हौसेने जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. शांतता होताच त्यांनी तो पुन्हा आरंभापासून जमविण्यास घेतला. इटाव्याच्या आसपास त्या काळी विस्तीर्ण झिली होत्या. हिवाळ्यात त्यांवर उत्तरेकडून हजारो पाणपक्षी उतरत. त्यांत शुभ्र सायबेरियन क्रौंचही असत व त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयींचे निरीक्षण ह्यूम यांनी केलेले आहे. हे क्रौंच पुढे कमी-कमी होत गेले आणि २००१–०२ च्या हिवाळ्यात भरतपूरला दिसलेल्या जोडीनंतर तेथे त्यांचे दर्शन झालेले नाही. ह्यूम यांच्या जुन्या नोंदींना आज केवढे मोल आहे, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

१८६७ मध्ये ह्यूम यांना जकात खात्याचे कमिशनर नेमण्यात आले. हे खाते म्हणजे एक अजबच प्रकार होता. मिठावरील कर चुकू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,५०० मैलांची एक जकातरेषा सरकारने आखली होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडाझुडपांचे कुंपण घातलेले होते व रात्रंदिवस पहारा असे. गरिबाच्या भाकरीवरील चिमूटभर मिठासाठी एवढा बंदोबस्त! हे कुंपण जिवंत झाडांचे व अभेद्य करण्याच्या कामी ह्यूम यांनी पुष्कळ श्रम घेतले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकाराने झाकून ठेवू नये. ती रेषा १८७९ मध्ये मोडण्यात आली. मात्र या नोकरीपायी त्यांना अर्धा हिंदुस्थान पालथा घालावा लागला, आणि जेथे-जेथे तंबू पडे तेथे-तेथे पक्ष्यांची टिपणे होत. खात्यातील माणसांनाही त्यांनी हा नाद लावला. सांभर सरोवरावर मिठाच्या देखरेखीला असलेल्या ॲडम नावाच्या अधिकाऱ्याने त्या खाऱ्या पाण्यावरील पक्ष्यांची सविस्तर यादी लिहिली, ती पुढे ह्यूम यांनीच छापली.

नेमणुकीच्या त्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १८६७ रोजी, सतलज नदीच्या खोऱ्यात रामपूरजवळ ह्यूम यांना एक पक्षी मिळाला. हे रामपूर म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशातील बुशहर संस्थानची जुनी राजधानी. दोन्ही बाजूंनी उभे डोंगर, मधून खळाळत जाणारी नदी, असा तो मुलूख. पक्षी होता वटवट्यांपैकी. ज्यांना वटवट्या ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चिमणीहून सडसडीत, वरून तपकिरी, खालून फिक्कट, नजरेत भरण्याजोगे काहीही अंगावर नसलेले असे हे पक्षी. त्यांच्यातील एक गट बोरू, लव्हाळे, दलदलीतील उंच गवत यांत राहणारा आहे. त्यांपैकी ब्लाइथचा वटवट्या दर हिवाळ्यात आमच्या गोव्यातील कुळागरांत व परसातील झुडपांत येतो. दिसतो क्वचित, पण त्याचे चक् चक् पानांआडून सतत ऐकू येते. दलदलीच्या कुळात जन्मलेला हा पाहुणा कोरड्या कुंपणात काय करतो, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलास पडला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

उत्तर असे की, विणीचा प्रदेश, वाटेवरील मुक्काम आणि हिवाळ्यातील बिऱ्हाड या तीन ठिकाणी पक्षी तीन निरनिराळ्या परी राहू शकतो. हे लहान पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात. पहाट झाली, अंगातील मेद सरला, वारा उलटा फिरला किंवा धुके दाटले, म्हणजे खाली जे असेल ते आपले मानून उतरावे लागते. बोरूचे बन मिळाले तर उत्तम. न मिळाले तर डोंगरउतारावरचे झुडूप, मिठागराचा बांध, एखाद्या शहराची बागही चालते. त्याच्या दृष्टीने मुख्य प्रश्न दोनच: आडोसा आहे काय आणि किडे आहेत काय. आपल्या खाजनांत व मिठागरांत हिवाळ्यात दिसणारे तुतवार आणि पाणलावे हेही याच हिशोबाने मुक्काम ठरवितात. म्हणून पाणथळीचा पक्षी भलत्या जागी दिसला तर तो वाट चुकला असे घाईने ठरवू नये. कधी तो खरेच चुकलेला असतो, कधी चुकलेले असते ते आपले पुस्तक.

ह्यूम यांनी रामपूरच्या पक्ष्याची चोच पाहिली. ती अशा पक्ष्याच्या मानाने लांब व मोठी होती. ओळखीच्या कोणत्याही जातीशी तो जुळेना. दुसरा एखादा असता तर एकुलता एक नमुना, तोही आडवाटेच्या दरीतला, म्हणून त्याने तो बाजूला सारला असता. ह्यूम यांनी मात्र तारीख व ठिकाण यांसह तो जपला आणि १८६९ मध्ये नवी जात म्हणून मोठ्या चोचीवरून त्याचे नामकरण केले. त्या वेळी त्यांनी तो पर्णवटवट्यांच्या गटात घातला होता. पुढे तो बोरूतील वटवट्यांचा सगा ठरला. ते नाव दुसऱ्या एका पक्ष्याला आधीच दिलेले आढळल्याने १९०५ मध्ये अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ ओबरहोल्झर यांनी ते बदलून पर्वतीय अशा अर्थाचे नवे नाव ठेवले. दलदलीच्या गटातील पक्ष्यास पर्वताचे नाव! पण तसा दुसरा पक्षी काही कोणास सापडेना. मग विद्वानांच्या मनात किंतु आला. हा दुसऱ्याच एखाद्या परिचित वटवट्याचा विचित्र नमुना असावा, असेही मत पडले.

इकडे ह्यूम यांचा उद्योग वाढतच होता. १८७१ मध्ये ते महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव झाले. १८७२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांना वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्याच्या नावाचा अर्थ विखुरलेली पिसे असा होतो, आणि खरोखरच ती देशभर विखुरलेली पिसे होती. कोठे एखादा सैनिक, कोठे रेल्वेचा इंजिनियर, कोठे मिशनरी, कोठे मामुली साहेब, जो-तो आपल्या मुलखातील पक्ष्यांच्या याद्या पाठवी आणि ह्यूम त्यांवर शेरे मारून, प्रश्न विचारून, प्रसंगी खरपूस टीका करून छापीत. आपल्या भागातील मुलांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, या अंकांत आपला मुलूखही आहे. अहमदनगरचे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव या भागांतील पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये दिली. सनदी नोकर विडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली यादी लिहिली. पाठोपाठ कॅप्टन बटलर यांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागाची यादी सिद्ध केली. कोणता पाणपक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या गावी आला, या साध्या नोंदींतून त्यांच्या येण्याजाण्याचा नकाशा हळूहळू आकार घेऊ लागला. एकाच्या यादीत जो पक्षी चमत्कारिक वाटे, तोच शेजारच्या जिल्ह्याच्या यादीत आढळला म्हणजे चमत्कार संपून शास्त्र सुरू होई.

ह्यूम केवळ टपालावर विसंबले नाहीत. १८७१–७२ च्या हिवाळ्यात ते सिंधमध्ये हिंडले. १८७३ मध्ये अंदमान-निकोबारला गेले. १८७५ मध्ये सागरी पाहणीच्या क्लाइड जहाजातून लक्षद्वीप व पश्चिम किनारा त्यांनी पाहिला, आणि त्या सफरीत आपल्या वेंगुर्ल्यासमोरील समुद्रात उभ्या असलेल्या खडकांवरही ते गेले होते. १८८१ मधील मणिपूरची मोहीम ही शेवटची. अमुक ठिकाणी तो पक्षी असायचाच नाही, असे गृहीत धरून त्यांनी कोणतेही बेट, कोणताही खडक वगळला नाही.

येथे एक गोष्ट आजच्या वाचकास खुपेल आणि ती खुपावी असेच मला वाटते. हा सारा अभ्यास बंदुकीने चाले. त्या काळी हातात पक्षी घेतल्यावाचून नक्की ओळख पटविण्याचे साधन नव्हते, हे खरे. तरीही हजारो जीव त्यात गेले. ह्यूम यांनाच पुढे याचा वीट आला. १८८० च्या सुमारास थिऑसॉफीच्या संगतीत ते शाकाहारी झाले आणि संग्रहासाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले. थिऑसॉफीशी त्यांचे फार काळ पटले नाही. ही सवय मात्र टिकली.

सरकारशीही पटले नाहीच. वरिष्ठांच्या धोरणावर उघड टीका केल्याचे फळ म्हणून १८७९ मध्ये सचिवपदावरून काढून त्यांना अलाहाबादेस महसूल मंडळावर धाडण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले व सिमल्यास जाखू टेकडीवरील आपल्या रॉथनी कॅसल या घरी राहू लागले. घराच्या एका भागात पक्ष्यांचे संग्रहालय होते. मोठा मनसुबा असा की, हिंदुस्थानातील समस्त पक्ष्यांचा एक महाग्रंथ लिहावयाचा. टिपणे तयार होती, पत्रव्यवहार तयार होता, आता फक्त लेखणी चालवायची बाकी होती.

आणि मग तो घाव पडला. अशाच एका हिवाळ्यात ह्यूम सिमल्याबाहेर गेलेले असताना घरच्या एका नोकराने ती सारी हस्तलिखिते उचलून बाजारात रद्दीच्या भावाने विकली. अनेक वर्षांची टिपणे वाण्याच्या पुड्यांच्या कागदात गेली. भरीस भर म्हणून अतिवृष्टीने दरड कोसळून संग्रहालयाचेही नुकसान झाले आणि पुष्कळ नमुने खराब झाले. ह्यूम यांचे मन या विषयावरून उडाले. उरलेला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. एक पैचा मोबदलाही त्यांनी मागितला नाही.

१८८५ मध्ये तो ताब्यात घेण्यास म्युझियमचे रिचर्ड बोडलर शार्प सिमल्यास आले. सुमारे ८२,००० नमुने होते. त्यांसाठी देवदाराच्या ४७ पेट्या जागेवरच तयार करण्यात आल्या, आणि नमुन्यांना इजा होऊ नये म्हणून त्यांत खिळे मारले नाहीत. एकेक पेटी सुमारे अर्ध्या टनाची. त्या डोंगर उतरून बैलगाड्यांनी कालक्यास व तेथून मुंबई बंदरावर पोचल्या. त्या पेट्यांत रामपूरचा तो एकटा पक्षीही होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूमही मुंबईत होते. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन वास्तविक पुण्यास भरावयाचे, पण तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईस हलविण्यात आले. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधी जमले, आणि चिटणीस म्हणून ह्यूम कामास लागले. देशभर विखुरलेल्या माणसांना पत्रे लिहून एका धाग्यात ओवण्याची कला त्यांना पक्ष्यांनी शिकविली होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील कथा थोडक्यात सांगतो. १८९४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. उतारवयात त्यांचा जीव वनस्पतींवर जडला आणि १९१० मध्ये स्वतःच्या पैशाने त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली. ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले. ती वार्ता इटाव्यास पोचली तेव्हा तेथील बाजारपेठ बंद ठेवण्यात आली होती. साहेब जिल्हा सोडून गेल्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती.

रामपूरच्या पक्ष्याची कथा मात्र याच्यापुढे आहे. तो म्युझियमच्या खणात पडून राहिला. २००२ मध्ये त्याच्या अंशावरून आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, आणि ह्यूम यांनी म्हटल्याप्रमाणे ती खरोखरच एक स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध झाले. तरी जिवंत पक्षी कोठे होता? २७ मार्च २००६ रोजी थायलंडमधील फेत्चबुरी प्रांतात, सांडपाणी शुद्ध करण्याच्या तळ्यांजवळ, पक्ष्यांच्या पायांत खुणेची वाळी घालण्याचे काम फिलिप राउंड हे अभ्यासक करीत होते. जाळ्यात एक लांब चोचीचा वटवट्या आला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, दोन पिसे घेतली आणि त्याला सोडून दिले. ती पिसे स्वीडनला तपासून घेण्यात आली व रामपूरच्या नमुन्याशी ती जुळली. मध्ये सुमारे १३९ वर्षे गेली होती! ज्याची पहिली ओळख डोंगराच्या दरीत झाली होती, तो पुन्हा भेटला तो शहराच्या मैलापाण्याच्या काठी.

मग लोक जुने खण उपसू लागले. भारतातच १८६९ मध्ये मिळालेला एक नमुना ब्लाइथच्या वटवट्यांमध्ये मिसळून गेलेला सापडला आणि पाठोपाठ आणखीही निघाले. म्हणजे हा पक्षी लोकांच्या हाती आला होता, पण त्यांनी दुसऱ्याच नावाची चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली होती. २००८ मध्ये अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, पामीर व हिंदुकुश यांमधील वाखानच्या चिंचोळ्या पट्ट्यात, रॉबर्ट टिमिन्स या अभ्यासकास एका अनोळखी वटवट्याचे गाणे ऐकू आले. पुढच्या वर्षी तेथे जाळी लावून सुमारे वीस पक्षी पकडले व सोडले. ते तेच होते. त्यांचे वीण घालण्याचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर, नदीकाठच्या वाळुंज व काटेरी झुडपांत निघाले. शेजारच्या ताजिकिस्तानातही ते आढळले.

वाखानमधील हे पक्षी थंडी पडू लागली की दक्षिणेची व पूर्वेची वाट धरतात. सतलजचे खोरे त्यांच्या मार्गात येण्याजोगे आहे. १८६७ च्या नोव्हेंबरात रामपूरजवळ उतरलेला तो पाहुणा याच वाटेने निघालेला असावा.